कुर्र

मित्रांनो, मी जुनी आहे, विटलेली आहे, मला दोन ठिगळंही आहेत. पण ही गोष्ट माझी मिजास शाबूत होती तेव्हाची. मी झोळी. कराडजवळच्या एका गावात मनुबाईचं हिरवं लुगडं म्हणून आले. धुऊन धुऊन मऊ झाले, तेव्हा तिने मला दुहेरी करून तुळईला बांधलं आणि तिचा मुलगा वीरधवल माझ्यात वाढला.

तान्ही बाळं दिवसा खूप झोपतात, त्यात नवल नाही. वीरधवलही झोपायचा. पण ताट पडलं की दचकायचा, त्याचे दोन्ही हात फाकायचे आणि माझ्या कापडाला आतून हिसका बसायचा. तो हिसका मला फार आवडायचा.

पुढे तो फौजेत गेला आणि मी ट्रंकेत. कितीतरी वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात काढली. त्याला मुलगी झाली, तेव्हा मनुबाईने मला बाहेर काढून नव्या घराच्या कडीला टांगलं.

बारशाला मंगलआत्या माझ्यावर वाकली. बाळाच्या कानात तिने "शरयू" असं नाव सांगितलं आणि मोठ्यांदा "कुर्र" केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, एकच हशा उसळला. बाळ झोपलेलंच.

"लय गुणी पोर हाय!" मंगल म्हणाली. हे सगळं माझ्या मऊपणामुळे, असं मला वाटलं.

मग कौतुक वाढतच गेलं. उसाचे ट्रॅक्टर कर्णे लावून दारावरून जायचे, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि शरयू तीन-तीन तास झोपायची. शेजारणी बघायला यायच्या. मनुबाई त्यांना ट्रॅक्टर येईपर्यंत मुद्दाम बसवून ठेवायची.

एके दुपारी शरयूच्या आईच्या, क्रांतीच्या, हातून पितळेची कळशी माझ्या खालीच पडली. क्रांती दचकली. मनुबाईही दचकली. मी वाट पाहिली. आतून हिसका आला नाही.

"आवं आई, ही दचकली कशी न्हाई? दवाखान्यात दावूया का?"

"गप गं. निजल्या पोरीला दिष्ट लावू नगंस."

क्रांतीने फोनवर वीरधवललाही सांगितलं. तो हसला. "फौजीची पोरगी हाय ती. आवाजाला भ्यायची न्हाई."

मग तीही गप्प बसली. मित्रांनो, मला कळलं होतं. झोळीला तोंड नसतं हे खरं, पण असतं तरी मी बोलले असते का? कौतुक कुणाला नको असतं!

दीड वर्षाची झाली तरी शरयू "आई" म्हणेना, तेव्हा तिला कराडला नेलं. परत आल्यावर क्रांती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"तिला जन्मापासून ऐकू येत न्हाई. पयल्या सा म्हैन्यांत आणली असती तर बोलायला शिकणं सोपं गेलं असतं म्हणं. आता मशीन लावायची, पर लय उशीर झाला."

माझा काठ मनुबाईने तोंडात धरला. "म्हंजे, बारशाला सांगितल्यालं नाव... तिनं ऐकलंच न्हाई?"

मला तेव्हा माझ्या मऊपणाची लाज वाटली, अजूनही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं भावंड असेल तर त्याला खुशाल झोपू द्या. फक्त भांडं पडल्यावर ते दचकतं का, तेवढं बघा. दचकत नसेल तर मोठ्यांना सांगा. त्यांनी गप्प बसवलं तर पुन्हा सांगा.

आता माझी वाकळ झाली आहे. शरयूच्या कानाला मशीन आहे. तिला आवाज कळतात, शब्द अजून कळत नाहीत. दुपारी मशीन काढून ती माझ्यावर झोपते. मग मनुबाई दार लोटून घेते, तिच्या कानाशी वाकते, नाव सांगते आणि "कुर्र" करते. पाठीत धपाटा घालायला कुणी नसतं. मी हिसक्याची वाट बघते. शरयू झोपलेली असते.