भाजल्या मातीचा घट

“काका, ती टोपी काढा अन् हेल्मेट घाला. रोज रोज काय बोलू मी?”

अक्षत साहेबांचं हे वाक्य सकाळच्या चहासारखं होतं, ठरल्या वेळी यायचंच. गणोजींनी पांढरी टोपी घडी करून खिशात घातली, पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पुन्हा ढोलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

ढोल म्हणजे लोखंडाचा लांबच लांब नळा. आडवा, किंचित उतरता, संथ फिरणारा. वरच्या तोंडातून त्यात विटाळलेली माती जाई. आत जाळ असे. त्या जाळात मातीतलं तेल, रंग, जे जे काही कारखान्यानं वर्षानुवर्षं तिला पाजलं होतं ते वाफ होऊन उडे. ती वाफ पुढच्या भट्टीत आणखी मोठ्या आगीत जळून जाई, आणि खालच्या तोंडातून माती बाहेर पडे. कोरडी, राखाडी, मुकाट. तिच्यावर पाण्याचा फवारा बसला की चर्रर्र होऊन एक वास सुटे.

त्या वासासाठी गणोजी तिथं उभे राहत. तो वास त्यांच्या कुंभार बापाच्या मडकी-कौलं भाजायच्या आव्याचा होता.

देवासच्या टेकडीवरून पाहिलं तर कारखान्याचं हे पडकं आवार आता नुसतं तपकिरी चौकोनासारखं दिसे. पण गणोजींच्या लहानपणी इथं कुंभारांची खाण होती. पवारांच्या लष्करामागून जी मराठी माणसं माळव्यात उतरली, त्यांत गणोजींचा कोणी खापरपणजा चाक डोक्यावर घेऊन आला, असं घरात सांगत. लष्कर गेलं, संस्थान गेलं, खाण राहिली. बाप तिथली माती काढी, गणोजी आणि धाकटी बकुळा ती पायांनी तुडवत. बाप चाकावर नळे ओढी, ओले असतानाच त्यांना दोन बाजूंनी चीर देई, आणि आव्यात भाजल्यावर एका नळ्याचे दोन कवेलू होत. अर्ध्या देवासची छपरं त्या कवेलूंनी शाकारलेली.

एकदा माती तुडवताना बकुळाच्या पैंजणाचं घुंगरू तुटून चिखलात गेलं. तिनं रडून आकाश डोक्यावर घेतलं. बाप म्हणाला, “रडू नको बाई. कोणाच्यातरी छपरावर चढलंय तुझं घुंगरू. वारा आला की नाचेल.” तेव्हापासून पुष्कळ दिवस बकुळा वारा सुटला की गल्लीत उभी राहून छपरांकडे कान लावी.

मग रंगाचा कारखाना आला. खाण भिंतीच्या आत गेली आणि तिच्या बदल्यात गणोजींना आतमध्ये भट्टीवर नोकरी मिळाली. बकुळा लग्न होऊन धारपलीकडच्या मनावर गावाला गेली. बळवंतरावांची नदीकाठी थोडी शेती होती, मिरची आणि कापूस. जाताना तिनं एकच मागितलं.

“दादा, साडी नको आणू, चोळी नको आणू. नवरात्रात घटाला खाणीची माती आण.”

घटाखाली माहेरची माती, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. आईलाही तिच्या माहेरून येई, आजीलाही यायची. जात्यावर आई म्हणे,

*माहेराची माती, काळी लोण्यावाणी मऊ*
*घेऊन येई भाऊ, घटासाठी.*

दर सालच्या भाद्रपदाच्या शेवटी गणोजी कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात जात, जिथं खाणीचा एक तुकडा अजून उघडा होता. डब्यात माती भरून घेत आणि मनावरची बस धरत. तो कोपरा पिंपांच्या आवाराला लागून होता. पिंपांतून काय झिरपतं हे तेव्हा कोणी विचारत नव्हतं. पहिली काही वर्षं घट हिरवागार झाला. मग पालवी आखूड येऊ लागली. आणि त्र्याण्णव साली घटातले कोंब पिवळे आले, वाकले, आठव्या माळेला काळे पडून बसले.

दसऱ्याला गणोजी गेले, तेव्हा बकुळाकडे त्यांच्या टोपीत खोवायला काहीच नव्हतं. दसऱ्याला बहिणीनं घटाचे तुरे भावाच्या टोपीत खोवायचे असतात. ती नुसती हळदकुंकू लावून म्हणाली, “दादा, पुढल्या साली माती नको आणू हां.”

एवढंच. न रागानं, न रडून. गणोजींनी पुढच्या सालापासून साडी न्यायला सुरुवात केली. बकुळा ती नेसायचीही. पण जे तिनं मागितलं नव्हतं ते देताना त्यांचा हात दरवर्षी जड होई.

कारखाना बंद पडला. आसपासच्या विहिरींना वास येऊ लागला, तक्रारी झाल्या, तपासण्या झाल्या, आणि शेवटी एक दिवस मोठमोठ्या ट्रॉल्यांवरून तो ढोल आला. आगीपाशी काम केलेली माणसं हवी होती. गणोजी निवृत्त होऊन घरात बसले होते. बोलावणं आलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, इंदूनं, डोक्याला हात लावला. “या वयात पुन्हा भट्टी?”

“भट्टी नाही गं, चाकच आहे,” गणोजी म्हणाले. “फक्त आडवं पडलेलं.”

वर्षभर तो ढोल फिरला. यंदा काम संपत आलं होतं. शेवटी राहिला होता मागचा कोपरा. खाणीचा.

ती माती ढोलात चढली त्या दिवशी गणोजी दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी राखाडी ढिगाऱ्यापाशी ते थांबले. तपासणीचा कागद आल्यावर अक्षतकडे गेले.

“साहेब, साफ आली?”

“एकदम साफ, काका.”

“मग डबाभर न्यायची होती. बहिणीच्या घटाला.”

अक्षत इंदूरचा मराठी मुलगा. त्याचं मराठी हिंदीच्या खांद्यावर बसून चालायचं, पण मन सरळ होतं. तो जरा विचारात पडला. “न्या ना, डबाभर नेली तर काय होतंय. पण काका, एक बात सांगू? ही मिट्टी साफ आहे, जिंदा नाहीये. आगीत सगळंच जातं. जहर पण, अन् जे उगवून देतं ते पण. हिच्यात खाद टाकून, पाणी टाकून, एक-दोन सीझन सोडावं लागतं.”

“आगीतून निघालेलं काही वाईट नसतं, साहेब,” गणोजी हसून म्हणाले. कुंभाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला यापलीकडचं शास्त्र ठाऊक नव्हतं. कच्चं असतं ते विटतं. भाजलेलं शुद्ध.

मनावरच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. कंडक्टरनं बोटानं वाजवून पाहिला. “दादा, इसमें क्या है? घी?”

“मिट्टी.”

“मनावर में मिट्टी खतम हो गई क्या?”

“बहन के मायके की है, भिया.”

कंडक्टर पुढे गेला, मग दोन सीट ओलांडून मागे वळून म्हणाला, “सँभाल के रखना, ढक्कन ढीला है.”

बकुळानं डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिली. माती काळी नव्हती, लोण्यासारखी तर नव्हतीच. बोटात धरली की राखेसारखी निसटत होती. तिनं नाकाशी नेली.

“आव्याचा वास येतो रे,” ती म्हणाली.

“खाणीची आहे. सगळं विष जाळलंय तिच्यातलं. मी स्वतः.”

तिनं परडीत ती माती पसरली, गहू पेरले, मधोमध घट ठेवला, दिवा लावला. गणोजी निश्चिंत मनानं देवासला परतले. देवीच्या टेकडीवर माळेमाळेनं गर्दी वाढत होती. ढोल नारळ-उदबत्तीच्या वासात फिरत होता.

पाचव्या माळेला समोरच्या किराणा दुकानात फोन आला. इंदूनं हाक मारली, गणोजी धावत गेले.

“दादा,” पलीकडून बकुळाचा आवाज आला, नेहमीसारखाच शांत. “घट गप्प आहे.”

गणोजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतोयस ना? एक दाणा हललेला नाही. पाणी घातलं की वरच्यावर थांबतं. तू ये.”

एवढ्या लांबच्या वाटेत त्यांना अक्षतचं वाक्य शंभरदा आठवलं. धार मागे पडलं, घाट उतरला, कापसाची शेतं सुरू झाली. कशासाठी नेली आपण ती माती? एकदा त्या घरात आजारी घट दिला, आता मुका दिला. या खेपेला ती काय म्हणेल? पुढल्या साली तूच नको येऊ, असं म्हणाली तर?

बळवंतराव ओसरीवर मिरच्या निवडत बसले होते. “या गणोजीराव. तुमच्या गावची माती फार लाजाळू निघाली बुवा. अजून पदर वर नाही केला.”

गणोजींना हसू आलं नाही. ते सरळ देवाच्या खोलीत गेले. दिवा तेवत होता, माळा लटकत होत्या, आणि घटाभोवती राखाडी मातीत गव्हाचे दाणे फुगून तसेच पडले होते. बकुळा शेजारी बसली होती.

“बके, चुकलं माझं. साहेब म्हणाला होता, मीच नाही ऐकलं. भाजल्या मडक्याला कधी कोंब फुटतो का? एवढं कुंभाराला कळू नये. उचल ती माती. टाकून देतो नदीत.”

“मांडलेला घट मधेच हलवतात होय?” ती म्हणाली. “बस खाली.”

ते बसले.

“तुला काय वाटतं, त्या साली मी माती नको का म्हटलं?”

“अपशकुन झाला म्हणून.”

“वेडा आहेस.” तिनं वात सारखी केली. “मला वाटलं, माहेरच आजारी पडलंय. आजाऱ्याकडे कोणी मागतं का काही? बरं होईपर्यंत थांबावं, म्हणून थांबले. तू एकदा तरी विचारायचंस.”

गणोजींनी टोपी काढून हातात घेतली. बाहेर बळवंतराव कोणाला तरी मिरचीचा भाव सांगत होते.

“तापातून उठलेलं माणूस लगेच धावतं का?” बकुळा म्हणाली. “दुधाला विरजण लागतं, तसंच मातीलाही लागत असेल. तुझा साहेब काय म्हणतो?”

“खाद टाका म्हणतो. सोडा म्हणतो.”

“मग? घट हलवायचा नाही, पण वरून माती घालू नये असं कुठं सांगितलंय?”

ती उठली, मागच्या दारानं गेली. आली तेव्हा पदरात नदीकाठची ओली काळी माती होती, गोठ्यातलं जुनं शेणखत होतं, आणि भिजवून मोड आणलेले गहू. “तुझी माती खाली राहू दे. माझी वर. बघू दोघींचं जमतंय का.”

“तूच घाल.”

“दोघं घालू. तुडवायला पाय नको लावू म्हणजे झालं.”

दोघांनी बोटांनी ती माती घटाभोवती पसरली, कधीकाळी ओल्या नळ्यावर पाण्याचा हात फिरवत तशी. मधेच बकुळा म्हणाली, “माझं घुंगरू अजून असेल का रे कुठल्या छपरावर?”

“आता छपरं कुठं राहिली? सगळी गच्ची झाली.”

“एखादं असेल,” ती म्हणाली.

गणोजी त्याच संध्याकाळी परतले, कारण ढोल सोडून राहता येत नव्हतं. दसऱ्याला पुन्हा गेले. दारातच थबकले. आत बकुळा गुणगुणत होती. चाल आईची होती, शब्द तिचे.

*दोन मातींचा गं काला, कोंब घटात हासला*
*भाऊ उंबऱ्यात आला, दसऱ्याला.*

कोंब बोटाएवढेच होते. शेजारणींच्या घटांपुढे पोरकेच दिसले असते. पण हिरवे होते. बकुळानं त्यातला एक झुबका अलगद उपटला आणि थांबली. दिव्यापाशी नेऊन गणोजींना दाखवला. पांढरी मुळं वरच्या काळ्या मातीतून खाली उतरली होती, आणि त्यांच्या टोकांना राखाडी कण चिकटले होते.

खाणीचे.

ते कण तिनं झटकले नाहीत. झुबका तसाच त्यांच्या टोपीत खोवला.

“पुढल्या साली,” ती म्हणाली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यामुळे पुढचं वाक्य जमिनीकडे तोंड करून झालं, “डबा मोठा आण.”

गणोजी हो म्हणाले. मोठा डबा आणायला जागा उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आवारात गोदाम येणार होतं. कोपऱ्यात माती भरून, दाबून झाली होती. त्यावर सिमेंट पडायचं होतं. पण त्यांच्या घराच्या मागं एक रिकामं पिंप होतं, आणि शेणखत कुठंही मिळतं. सिमेंटच्या गाड्या यायच्या आत पिंपभर माती घरी न्यायची, साहेबांना विचारून, असं त्यांनी परतीच्या बसमध्ये ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते आवारात आले तेव्हा आग विझवलेली होती. ढोल मात्र फिरत होता. गरम ढोल एकदम थांबवला तर आपल्याच भारानं वाकतो. थंड होईपर्यंत त्याला रिकामाच, हळूहळू फिरवत ठेवायचा असतो. ते शेवटचं काम गणोजींकडे होतं.

अक्षत कागद घेऊन येत होता. दुरूनच त्यानं सवयीनं तोंड उघडलं, “काका, टोपी...”

टोपीतले तुरे वाऱ्यानं हलत होते. अक्षत थांबला. गणोजींसाठी आणलेलं पिवळं हेल्मेट त्यानं बाजूच्या पिंपावर ठेवलं.

“आग तर नाहीये आज,” तो म्हणाला. “राहू द्या.”

गणोजींनी ढोलाला तळवा लावून पाहिला. कोमट होता, नुकताच ताप उतरलेल्या अंगासारखा. त्यांनी तळवा काढला नाही. ढोल त्यांच्या हाताखालून संथ सरकत राहिला, आणि ते त्याच्याबरोबर, लहानपणी चाकापाशी बसत तसे, थांबण्याची वाट पाहत उभे राहिले.