माळाचा चौथा तुकडा

सुनेनं मला गुरं राखायला शिकवावं म्हणजे काय? चाळीस वर्षं शेणामातीत हात घातले मी. आणि ही सरिता धारवाडला तीन दिवस शिबिरात बसून आली नि म्हणाली, "अत्ती, माळावर नुसतं गवत नको. त्यात स्टायलो पेरू. शेंगेची जात आहे, मुळाशी आपलं खत आपणच करते. युरिया तेवढा टाकायचा नाही. युरियानं गवत माजतं आणि स्टायलो मरते."

बरं बाई, म्हटलं. पण गवत पिवळं पडलेलं हिच्या डोळ्यांना दिसत नव्हतं काय?

तिनं स्टायलो पेरली, ती वर आल्यावर माळाचे सहा तुकडे पाडले, मध्ये काटेरी कुंपण. चार दिवस एका तुकड्यात चारायचं, मग पुढच्यात. शनिवारी ती बाजाराला अळणावरला गेली आणि मी चौथ्या तुकड्यात युरिया फेकला, मक्याला फेकतो तसा, मुठीमुठीनं. गायी तिथं गुरुवारी जायच्या होत्या. तोवर पाऊस येईल, युरिया विरघळेल, गवत काळंभोर होईल. मग विचारते म्हटलं, शिबिर मोठं की शेवंता मोठी.

पाऊस आलाच नाही. आणि सोमवार मी विसरले. आमच्याकडं सोमवारी बैलांना औताला जुंपत नाहीत, बसवण्णाचा वार. त्या दिवशी बैल मोकळे, म्हणून सरितानं त्यांना गायींच्या तिसऱ्या तुकड्यात सोडलं आणि दोन्ही गायी पुढं चौथ्यात हाकलल्या. जन्मभर सोमवार पाळणारी मी, तोच डोक्यातून गेला. जळो मेलं डोकं!

"अत्ती, धावा हो!"

मी जोंधळ्यात खुरपत होते, तशीच पळाले. कपिली कुंपणापाशी आडवी झाली होती. सरिताच्या आंदणाची गाय, तिच्या बापानं हल्याळहून चालवत आणून दिलेली. अंग थडथड कापत होतं, तोंडाला फेस, पोट टम्म. सरितानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"अत्ती, इथं युरिया पडलाय काय? तो पोटात गेला असला तर लगेच आंबट पाजायचं, ताक, चिंचेचं पाणी. पाला खाऊन फुगली असली तर तेल. सांगा लवकर, कुणी टाकलाय काय?"

पाच पावलांवर गवताच्या बुडख्यात पांढरे दाणे मला दिसत होते.

"युरिया कोण टाकतंय?" मी म्हटलं. "तुझ्या त्या स्टायलोनंच फुगली. तेल आण जा."

तिनं तेल आणलं, पाजलं. कपिलीनं चारी पाय ताठ केले आणि संपली. सरिता तिच्या मानेवर पडून रडायला लागली. "माझ्याच हातानं मारली की हो मी, अत्ती." तेही मी ऐकून घेतलं. देवा, तेही ऐकून घेतलं.

तेवढ्यात मागं गंगीचे पाय लटपटले. गंगी माझी. तिची आई व्याली आणि मेली, तेव्हापासून बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

"युरिया!" मी किंचाळले. "मी टाकलाय, शनिवारी! ताक आण, चिंच आण, पळ गं!"

सरितानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, मग कपिलीकडं. आणि उठून पळाली. घरातलं होतं नव्हतं तेवढं ताक घेऊन आली, चिंच कोळून आणली. मी गंगीचा जबडा धरला, ती बांबूच्या नळ्यानं थोडं थोडं ओतत राहिली. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. दिवस कलताना गंगीनं ढेकर दिली आणि उभी राहिली.

यशवंत, माझा लेक, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यातून आला तो थेट माळावरच. मेलेली गाय बघून जागच्या जागी थांबला. "काय झालं गं?"

आता ही सगळं सांगणार, म्हणून मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सरितानं बादलीत हात धुतले, लुगड्याला पुसले.

"अत्तींची गाय वाचली," एवढंच म्हणाली आणि घराकडं चालायला लागली.