भुताच्या पाठीवरची चेन

चेनचा विषय निघाला की मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे.

सिनेमावाल्यांचे कपडे शिवण्यात त्यांची हयात गेली होती. मागच्या भयपटातल्या भुताचा पोशाख त्यांनीच महिनाभर मान मोडून शिवला होता. पण शेवटच्या प्रसंगात भूत नेमकं कॅमेऱ्याकडे पाठ करून वळलं, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लखलखीत चेन, तीही अर्धी उघडी. आतून भुताचं काम करणाऱ्या लंबूचं बनियन डोकावत होतं. थिएटरात लोक खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी राहिले. भीतीचा म्हणून काढलेला सिनेमा विनोदी म्हणून धो धो चालला. निर्मात्याने तर ‘आम्ही ठरवूनच केलं ते’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. मास्तर मात्र तोंड लपवत फिरले. ओळखीचे लोक रस्त्यात गाठून विचारायचे, “काय मास्तर, चेन लावलीत ना?”

घरीही सुटका नव्हती. बायको तो सिनेमा पाच वेळा बघून आली, आणि पाचही वेळा हसून हसून डोळे पुसत आली.

“अहो, तुमचंच कौतुक आहे ना ते,” ती म्हणायची.

“कौतुक डोंबलाचं,” मास्तर म्हणायचे. आपलं भूत बघून जन्मात एकदा तरी कुणीतरी घाबरावं, निदान हिने तरी, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या भागाचं काम निघालं तसा निर्माता कपडेपटात येऊन म्हणाला, “चेन पाहिजे. या वेळी दुप्पट मोठी.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी नाक मुठीत धरून त्यांनी चेन लावली, पितळी, ठसठशीत, मोजून अर्धी उघडी. सिनेमा प्रदर्शनाआधी एका दुपारी पन्नासेक लोकांना बोलावून दाखवला. चेन आली आणि गेली. कुणी हसलं नाही. मागे एकजण खोकला तेवढाच. बाहेर पडताना एक बाई शेजारणीला म्हणाली, “ओढूनताणून हसवतायत गं.”

निर्मात्याने कपाळाला हात लावला. “आता तुम्हीच काय ते करा. घाबरवा लोकांना. तो प्रसंग परत घेऊ.”

मास्तर इरेला पेटले. पंधरा दिवस त्यांना तहानभूक सुचली नाही. चेन उपटून टाकली, सगळ्या शिवणी आत घेतल्या, हूक पोशाखाच्या काखेतल्या खोट्या केसांत दडवले. शूटिंगच्या दिवशी, धूर सोडेपर्यंत, ते लंबूच्या अंगावरच टाके घालत होते. लंबू आरशात बघून म्हणाला, “मास्तर, माझीच मला भीती वाटतेय.” मास्तरांना अगदी भरून आलं. त्या गडबडीत त्यांची मापाची टेप कुठे गेली कळलं नाही. ‘तूच कुठेतरी टाकलीस’ म्हणून ते आठवडाभर बायकोवर खेकसत राहिले.

पुन्हा दुपारचा खेळ, पुन्हा पन्नासेक लोक. या वेळी बायको शेजारी होती. धुरातून भूत आलं आणि सगळीकडे चिडीचूप झालं. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. तिचे तळवे गार पडले होते.

भूत उजेडात आलं. त्याच्या गळ्यात पिवळीधमक टेप होती. दोन्ही टोकं ऐटीत कमरेपर्यंत लोंबत होती.

आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकलं. मग सगळं थिएटरच कोसळलं. बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गदगदत होती. “अहो,” ती कशीबशी म्हणाली, “सापडली की तुमची टेप.”

बाहेर निर्मात्याने त्यांना मिठीच मारली. “मास्तर, तुम्ही म्हणजे सोन्याची खाण आहात. तिसऱ्या भागात अस्संच करायचं. अगदी मनापासून घाबरवायचं, काडीची कसर ठेवायची नाही.”

मास्तरांना त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण मिठीतून सुटताच त्यांनी पाठ फिरवली. ते तरातरा चालू लागले. कोपऱ्यावर बायकोने त्यांना गाठलं.

“आधी घाबरली होतीस ना?” त्यांनी विचारलं. “हात धरला होतास माझा.”

“घाबरले होते हो,” ती म्हणाली. “देवाशपथ.”

मग तिने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे परवाच घेतलेली नवी टेप लोंबत होती. ती तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली.