माकडाची शेपटी

त्या दिवशी बाबा डबा घरीच विसरले, म्हणून सौसरच्या कॉलेजात जाण्याआधी मी तो द्यायला रामाकोन्याच्या शाळेत गेले. सोबत पांढुर्ण्याच्या मानसी मॅडम होत्या. आम्ही एकाच कॉलेजात शिकवतो. डबा कुणाचा, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

बाबा तिथे शिपाई; गुरुजी रजेवर होते, म्हणून पहिलीच्या वर्गात ते माकड झाले होते. कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची शेपटी बांधून ते हातापायांवर चालत होते. मुलांनी दहा संत्री ओळीत मांडली होती. बाबांनी त्यातली तीन पळवली.

"सांगा रे, आता किती राहिली?"

"सात!"

"चोट्टं माकड!" म्हणत एका पोरानं शेपटी ओढली.

मानसी मॅडम दारातच हसल्या. "हे कोण?"

"शिपाई आहेत इथले," मी म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. उठून त्यांनी हात झटकले, माझ्याकडून डबा घेतला आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम. पाणी आणू का?"

संध्याकाळी घरी त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

शाळेतल्या शोकसभेला मानसी मॅडम आल्या. हार घातलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझी मान वर होईना.

तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी उभी राहिली. "माकड कहून नाई आलं?"

"चूप बैस," कुणीतरी तिला दटावलं.

मी उठले. सगळ्यांना, मानसी मॅडमनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाळा, ते माकड माझे बाबा होते."