लाल ठिपक्यापाशी थांबलेली डबी

मी आवाज कमी करणारी डबी बोलतेय. हो, फक्त कमी करणारी! वाढवणं माझ्या हातात नाही. मला विजेची जोडणीसुद्धा नाही. माझ्याकडून जोराची अपेक्षा कुणी ठेवूच नये.

मोरियासान या म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यांनी मला बनवलं ते जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका कॉफीगृहासाठी. तिथे लोक गप्प बसून जाझच्या तबकड्या ऐकतात. मालक वारले आणि काउंटरवरचं त्यांचं आवाज कमी-जास्त करायचं यंत्रही बंद पडलं. पलीकडच्या भिंतीजवळचा त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर मात्र ठणठणीत होता. त्याच्याशी माझं जमवायचं होतं.

मला काउंटरवर ठेवून तबकडी लावली. मालकीणबाई चिझुरु यांचा चेहरा पडला.

"ट्रम्पेटवर कुणी रजई टाकली का हो, मोरियासान? रविवारी यांचं वर्षश्राद्ध, सगळे जुने श्रोते येणार. असलं ऐकवण्यापेक्षा कायमचं कुलूप लावीन!"

मला धडकीच भरली. मोरियासाननी व्हॉल्व्ह बदलले, मला दोनदा उघडलं. दोष कुठे आहे ते मला कळत होतं, पण सांगणार कसं? शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला.

"वहिनी, ही दहा हात लांब वायर! जुनं यंत्र आवाज रेटून न्यायचं. हिच्यात तो जोर नाही, बारीक सूर वाटेतच मरतात. हिला अँप्लिफायरला चिकटून ठेवू."

"आणि आवाज कमी-जास्त करायला मी सारखी गिऱ्हाइकांमधून धावू? हे चाळीस वर्षांत काउंटर सोडून हलले नाहीत."

"मग एकदाच नीट लावा. पण समोर खुर्चीत बसून ऐका."

चिझुरुबाई घुटमळल्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत त्या कधी बसल्याच नव्हत्या. आजवर त्यांनी सगळं ऐकलं ते आत कप धुताना, पाण्याच्या आवाजातून.

त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मला अँप्लिफायरशेजारी नेलं होतं, वायर आता हातभरच होती. मोरियासान माझं बटण हळूहळू फिरवू लागले. माझा जीव मुठीत.

"थोडं वर... अजून... बास."

तबकडी संपली तरी त्या उठल्या नाहीत. एप्रनच्या खिशातल्या रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या, "असं वाजत होतं होय? मला एकदा तरी बाहेर बोलवायचं ना यांनी."

मग माझं बटण जिथे थांबलं होतं, तिथे त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला.

आज रविवार. दाराची घंटा वाजतेय, जुने श्रोते आत येताहेत. एकच विनवणी आहे. धूळ पुसायला आलात तर हलक्या हाताने पुसा. त्या ठिपक्यावरून माझं बटण हलवू नका. आणि ती पुढची खुर्ची तेवढी रिकामी ठेवा, कप धुऊन झाले की त्या येतील.