गढूळ पाण्याची बरणी

मी एक बरणी. काचेची, रुंद तोंडाची, दोन पेले पाणी सहज मावेल एवढी. माझं झाकण कधीच हरवलं, त्यामुळे मनात येईल ते बाहेर पडतं. तेवढं सांभाळून घ्या.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. भट्टीतला लाल उजेड, अंगात शिरलेली एक लांब फुंकर आणि गार होता होता लागलेली झोप. ती झोप अजून पुरती उतरलेली नाही. सुरुवातीला माझ्यात मध होता. मध संपल्यावर या घरातल्या सुनेनं मला गरम पाण्यात भिजत घातलं, लेबल नखानं खरवडून काढलं आणि खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर आणून ठेवलं. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तेव्हापासून तिचे ब्रश माझ्यात बुचकळले जातात.

हे काम मला आवडतं. निळ्या रंगाचा ब्रश आत आला की रंग धाग्यासारखा खाली उतरतो, मध्येच रेंगाळतो, वळतो आणि मग कुठे गेला ते कळत नाही. सकाळी माझी रंगीत सावली टेबलावर पडते आणि सरकत सरकत दुपारी भिंतीला लागते. मी अर्धवट झोपेत तिच्याकडे बघत असते.

झोपेतही एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. ज्या दिवशी काम व्हायचं नाही, त्या दिवशी मी सगळ्यात स्वच्छ असायची. सुनेचं घोडं अडलं की ती मला उचलून नळाखाली नेई. एका सकाळी तिनं सात वेळा पाणी बदललं आणि कागदावर एक ठिपका पडला नाही. मग ब्रश पुसायचे, पेन्सिलींना टोक काढायचं, रंग ओळीनं लावायचे आणि पुन्हा मला धुवायचं. काम टाळायला माणसं जेवढी राबतात, तेवढी कामासाठी राबताना मी पाहिली नाहीत.

तेव्हा तिच्या हातात होती ती गोष्ट तिच्या सासऱ्यांनी लिहिलेली होती. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांच्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतः लिहायला बसले. स्वतःच्या लिखाणातला स्वल्पविराम मात्र ते कुणाला हलवू देत नसत. गोष्ट होती एका झोपाळू नावेची. झोपेत तिची दोरी सुटते आणि पहाटेच्या धुक्यात ती तळंभर हिंडून येते. पुस्तकात बारा चित्रं हवी होती. पेन्सिलीची बाराही रेखाटनं वर्षापूर्वीच तयार होती. पण पेन्सिल खोडता येते, रंग खोडता येत नाही. या भीतीनं सून एकेक चित्र सहा-सहा वेळा रंगवून फाडायची. वर्षभरात जेमतेम चार झाली.

एका मंगळवारी प्रकाशकबाईंचा फोन आला.

"मी दोनदा थांबले. शनिवारी बाराही चित्रं हातात आली नाहीत, तर ती दुसऱ्या कुणाकडून करून घेईन. राग मानू नका."

फोन ठेवून ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, द्या दुसऱ्या कुणाला. मला नाही जमत. आधीची दोन पुस्तकंही अशीच हातची गेली. हे गेलं की मी रंग कायमचे आवरून ठेवणार."

बाबांनी चष्मा पुसला. "आवर की. पण शनिवारनंतर. आज मंगळवार आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हाला."

"थट्टा नाही गं. चाळीस वर्षांत माझ्यासमोर एकही पान बिनचुकीचं आलं नाही. भल्याभल्यांची पानं पाहिली मी. पण निदान लिहून माझ्यापर्यंत आली तरी होती ती."

ती उठली. मला उचलून नळाखाली घेऊन गेली.

बुधवारी ती जेमतेम रंग कालवून बसली होती, एवढ्यात इमारतीची पाण्याची टाकी तडकल्याची बातमी आली. नळ तीन दिवस बंद. घरात होत्या दोन भरलेल्या बादल्या आणि एक पातेलं. बाबा त्यांच्याशेजारी स्टूल टाकून पहारेकऱ्यासारखे बसले. थोड्या वेळानं सून मला घेऊन तिथे गेली.

"बाबा, थोडं पाणी हवंय."

"प्यायला?"

"बरणीत. गढूळ झालंय."

"मग मिळणार नाही. चित्रकलेचा वाटा संपला."

"अहो, रंग मळतात."

"मळू देत."

ती पाय आपटत परत आली आणि टेबलाशी बसली. आता उठायला काही निमित्तच उरलं नव्हतं. तिनं ब्रश माझ्यात बुडवला, निळा रंग घेतला आणि तळ्यावर टेकवला. माझ्यातला तपकिरी, नारिंगी सगळा गाळ त्या निळ्यात उतरला. राखेसारखा एक ओघळ पेन्सिलीची रेघ ओलांडून काठावर गेला. तिनं फडक्यानं टिपला, तर तो आणखी पसरला. "गेलं," ती म्हणाली आणि तिनं टेबलावर डोकं टेकलं. पाणी माझ्यातलं होतं. इतकं अपराधी मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. वाकून त्या राखाडी ओघळाकडे बघू लागले.

"हे धुकं," ते हळूच म्हणाले. "यासाठी मी तीन वाक्यं लिहिली होती. पण त्यांत हे आलं नव्हतं."

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, शेजारी पडलेलं आपलं हस्तलिखित ओढलं आणि ती तिन्ही वाक्यं सावकाश खोडली. सून डोळे पुसत बघत राहिली.

"चांगली होती हो ती वाक्यं, बाबा."

"होती. आता त्यांचं काम नाही. पुढचं घे."

शुक्रवारपर्यंतचे ते तीन दिवस मला स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. ब्रश आत येत होता, जात होता. नाव माझ्यातूनच वल्ही न मारता चालली आहे असं वाटायचं. काठावरची झाडं माझ्यात विरघळायची, पक्षी विरघळायचे आणि कागदावर जाऊन पुन्हा उभे राहायचे. कुठे रंग सांडला तर ती त्याचा ढग करायची. पाणी फारच घट्ट झालं की बाबा न सांगता बादलीतून चमचाभर आणून घालायचे. शुक्रवारी संध्याकाळी उरलेल्या आठांतलं शेवटचं चित्र वाळलं.

शनिवारी ती बाराही चित्रं स्वतः देऊन आली. दुपारी फोन वाजला. तिनं तो टेबलावर माझ्याजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला, कारण बाबांनाही ऐकायचं होतं.

"धुक्यातली आठ चित्रं फार सुंदर आहेत," प्रकाशकबाई म्हणाल्या. "पुस्तक तुम्हीच करायचं. पण ती चकचकीत चार कुणाची?"

"माझीच," सून दबक्या आवाजात म्हणाली. वर्षभर जिवाचं रान करून काढलेली ती चार.

"ती पुन्हा करा, या आठांसारखी. आठवडा देते."

फोन बंद झाला. सासरे आणि सून एकमेकांकडे बघत राहिले आणि मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"टाकी दुरुस्त झाली बरं का," बाबा म्हणाले. "नळाला पाणी आलंय."

"असू दे," ती म्हणाली आणि नवा कागद घेतला.

आता माझ्या काठाचा टवका उडालाय. आत एक राखाडी वलय बसलंय, ते कितीही घासलं तरी जात नाही. ती हल्ली घासतही नाही. संध्याकाळी काम आटोपल्यावर मला एकदा विसळते, बस्स. तुम्हीही लिहीत असाल, चित्रं काढत असाल आणि तुमच्या टेबलावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला उचलण्याआधी एक ओळ लिहा, एक रेघ मारा. ती वाईट आली तरी चालेल, आम्हाला त्याची सवय आहे. बघा, सून येऊन बसली. आज नवी गोष्ट आहे आणि तिचा ब्रश कोऱ्या कागदाच्या वर अजून थांबलाय. मी गप्प होते.