अळणी गाडी

आमच्या घरात 'अळणी' या शब्दाचे दोन अर्थ होते. स्वयंपाकघरात कुणी तो उच्चारला की आईचा चेहरा उतरायचा. अंगणात मात्र तोच शब्द ऐकण्यासाठी आम्ही सगळे कान टवकारून उभे असायचो.

बाबांचा स्वतःचा ट्रक होता. ओहोटी लागली की ते तो थेट किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूवर उतरवत, होड्यांजवळ नेऊन मासळीच्या टोपल्या भरत आणि बाजारात पोचवत. चाकं लाटांत भिजायची, खालून खारं पाणी उडायचं, आणि वाळू कुठे कुठे जाऊन बसायची ते तिलाच ठाऊक. "समुद्राला आपलं लोखंड फार आवडतं," काका म्हणायचा. म्हणून ट्रक घरी आला की आधी गाडीची आंघोळ आणि मग माणसांची.

ती आंघोळ आजही डोळ्यांपुढे उभी राहते. बाबा मागचा फाळका उघडून हौद्यातल्या फळ्या काढत. काका चाकं उतरवून ब्रेकचे ड्रम खोले आणि ठोकून ठोकून आतली वाळू पाडे. आई विहिरीवरचा पंप चालवायची. मी काडीपैलवान, म्हणून नळी घेऊन गाडीखाली सरपटायचं काम माझं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. तारेने ती मोकळी केली की आतून वाळूची धार लागायची. ती अंगावर घ्यायला मला फार आवडे, आणि त्याबद्दल आईची बोलणी खायलाही हरकत नसे.

सगळं धुऊन झालं, हवेने सुकलं, की बाबा पान्हा घेऊन एकेक नट तपासत. शेवटी ओलं बोट पाट्यांवरून, म्हणजे चाकांवरच्या त्या लांब पोलादी पट्ट्यांवरून फिरवत, जिभेला लावत आणि डोळे मिटत. "खारट" म्हणाले तर पुन्हा पाणी. "अळणी!" म्हणाले की काका जळक्या ऑईलचा डबा उघडून ब्रशने सगळ्या लोखंडाला तेल चोपडे. मीठ तेलाखाली राहिलं तर मात्र घात. झाकण घालून मुरत ठेवल्यासारखं ते आतल्या आत लोखंड पोखरत बसायचं. घर त्या एका ट्रकवर चालायचं आणि ट्रक बाबांच्या जिभेवर.

एका वर्षी बाबा तापाने अंथरुणाला खिळले. ट्रक अंगणात नुसता उभा. बरे झाल्यावर त्यांनी तो पहिल्यांदा किनाऱ्यावर नेऊन आणला, त्या दिवसाची ही गोष्ट.

बाबा थकले होते, म्हणून त्या दुपारी गाडीच्या आधी जेवायला बसलो. मी भाजीचा घास घेतला आणि थांबले. मिठाचा पत्ताच नव्हता. काकाने तोंड उघडलं, पण आईने असे डोळे केले की त्याने तोंडात घास कोंबला. बाबा शांतपणे जेवत होते. एरवी मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस.

"वा! झकास झालीय आज," ते म्हणाले.

"दादा आजारपणात साधू झाला," काका माझ्या कानाशी कुजबुजला. आई मात्र हसली नाही. उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

मग गाडी धुवायला घेतली. मी खाली उताणी पडले होते. सगळं आटोपलं असं वाटत असतानाच मागच्या पाट्याच्या फटीत अडकलेला एक थेंब माझ्या ओठावर पडला. खारट, चांगलाच खारट. त्याच क्षणी त्याच पाट्यावरून बाबांचं बोट फिरलं.

"अळणी!" ते वरून म्हणाले.

काकाने डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला.

"काका, थांब!"

"का हो इंजिनीयरीणबाई?"

खरं बोलले तर सगळ्यांदेखत बाबांचा शब्द पडणार, गप्प बसले तर ट्रक सडणार.

"बाबा, जरा खाली या ना. एक नट दाखवायचाय."

बाबा कण्हत कुथत माझ्याशेजारी सरपटत आले. "कुठला नट?"

मी पाट्यावरून बोट फिरवून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी त्याकडे नुसतं पाहिलं.

"खारट आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"खूप."

ते वर चॅसीकडे बघत पडून राहिले. "तापानंतर जिभेला काही कळतच नाही गं. डिझेलचा वाससुद्धा येत नाही. म्हटलं, येईल हळूहळू."

"आईला सांगितलंत?"

"कशाला तिच्या जिवाला घोर? बरं स्वयंपाकाला नावंही ठेवलेली नाहीत मी. आजची भाजी तर चांगली म्हणालो."

"बाबा, भाजीत मीठच नव्हतं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसू लागले, इतके की डोकं वर आपटलं.

"खाली काय तमाशा चाललाय बापलेकीचा?" काका बाहेरून ओरडला. "नट सापडला की मी येऊ?"

"नको येऊस!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

बाबा डोकं चोळत म्हणाले, "म्हणजे तिने परीक्षा घेतली माझी." मग त्यांनी विचारलं, "कसं लागतं गं? सांग ना."

खारट कसं लागतं हे कधी कुणाला सांगावं लागतं का? मी पुन्हा बोट जिभेला लावलं. "आधी तोंडात खिळा धरल्यासारखं लागतं. मग जिभेच्या कडांना चुरचुरतं. मग तोंडाला पाणी सुटतं, पण गिळावंसं वाटत नाही."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दूरदेशी गेलेल्या मुलाची खुशाली ऐकावी तसं.

"हो," ते म्हणाले. "असंच असायचं."

मग बाहेर सरकले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "डबा ठेव खाली. मागचा पाटा खारट आहे."

"अरे, आत्ता तर अळणी म्हणालास!"

"आता खारट म्हणतोय."

"भाऊजी, नळी धरा," आई विहिरीवरून म्हणाली आणि तिने पंप सुरू केला.

त्या दिवशी अख्खी गाडी पुन्हा धुतली. मी खालून एकेक जागा चाखून हळूच सांगायची आणि बाबा वरून मोठ्याने जाहीर करायचे. हे आमचं पुढे वर्षानुवर्षं चाललं, कारण बाबांची चव काही परत आली नाही.

मी शिकायला परगावी निघाले तेव्हा मला याचीच धास्ती होती. निघताना आईला म्हटलं, "गाडीचं कसं होणार?" "तू तुझं बघ," एवढंच ती म्हणाली.

पहिल्या सुट्टीत न कळवताच घरी आले. अंगणात ट्रक उभा होता. बाबा चाकापाशी उकिडवे बसले होते आणि गाडीखालून आईचे दोन पाय बाहेर आले होते.

"अहो, इथे अजून आहे," आतून दबका आवाज आला.

"खारट!" बाबा गरजले.

काका मान वर न करता नळी आणायला गेला.